स्टेपनीसकट पाच टायरांचं रोटेशन: ४०,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट चालून दाखवायच्या आधी मी त्याची चप्पल उलटी करून बघते. टाच बाहेरून घासलीय की आतून, उजवी जास्त झिजलीय की डावी, एवढं पाहिलं की निम्मी तपासणी तिथेच होते. घरोघरी जाऊन पेशंट बघायचे असल्यामुळे माझी गाडी वर्षाला साधारण १२,००० किमी पळते, आणि तिच्या टायरांकडेही मी त्याच नजरेने बघते. गेल्या आठवड्यात गाडीने ४०,००० किमी पूर्ण केले आणि पाचवं रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची ठरावीक क्रमाने अदलाबदल, झालं. पाचही टायर फिरत फिरत मूळ जागी आले. म्हणून या सेवेबद्दल आत्ता लिहितेय, कारण आता माझ्याकडे एका पूर्ण फेरीचे आकडे आहेत.

आधी स्टेपनीवर माझा एवढा जीव का, ते सांगते. माझ्या आधीच्या गाडीची स्टेपनी नऊ वर्षं डिकीत होती. एकदाही रस्त्याला लागली नव्हती. नक्षी पूर्ण, कडेचे रबराचे बारीक केसही शाबूत. एका संध्याकाळी पुढचं टायर पंक्चर झालं, मी स्टेपनी चढवली आणि निघाले. वीसेक किलोमीटर गेल्यावर स्टीअरिंग थरथरायला लागलं. उतरून बघितलं तर टायरच्या बाजूच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा आला होता आणि त्याच्या भोवती केसासारख्या भेगा. टायर दिसायला नवीन होतं, पण आतून म्हातारं झालं होतं. रबर झिजत नसलं तरी त्याचं वय वाढतच असतं. हवेतला ओझोन, उष्णता, प्राणवायू हे सगळे त्याच्यावर काम करत राहतात. टायर कंपन्या रबरात मेणासारखे संरक्षक पदार्थ घालतात, ते टायर चालताना दबलं-ताणलं गेलं की पृष्ठभागावर येत राहतात. नुसतं पडून असलेल्या टायरला तो फायदा नीट मिळत नाही. सांध्यांचंही असंच असतं, वापर नसेल तर ते आखडतात. मला हे कळायला हवं होतं.

टायरचं वय बघणं सोपं आहे. बाजूच्या भिंतीवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. बरेच वाहन उत्पादक सहा वर्षांनंतर टायर बदला असं सांगतात. टायर बनवणारे बहुतेक जण दहा वर्षं ही शेवटची मर्यादा धरतात आणि तीत स्टेपनीही मोजतात. पूर्ण तारीख कधीकधी टायरच्या आतल्या बाजूलाच असते. तेव्हा गाडीखाली डोकं घालायची तयारी ठेवा.

नवीन गाडी घेताना मी दोन गोष्टी बघितल्या. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का, आणि तिचा टायर बाकीच्या चारांसारखाच आहे का. पाचही टायर १९५/६५ आर १५ मापाचे, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकसारख्याच रिमवर. ही अट पक्की धरा. पुष्कळ गाड्यांत हल्ली बारीक, तात्पुरती स्टेपनी असते, तिच्यावर ताशी ८० किमीच्या वर जाऊ नका असा ठळक स्टिकर असतो आणि तिच्यात ६० पीएसआय हवा भरावी लागते. ती रोटेशनमध्ये कधीच घ्यायची नाही. काही स्टेपन्या वरवर पूर्ण वाटतात पण रिम एका इंचाने लहान असते किंवा टायरची रुंदी कमी असते. भिंतीवरचे आकडे पाचही टायरांचे स्वतः वाचा, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

गाडी आली त्याच दिवशी मी पाचही टायरांच्या आतल्या भिंतीवर पिवळ्या क्रेयॉनने आकडे घातले. पुढचं डावं १, पुढचं उजवं २, मागचं डावं ३, मागचं उजवं ४, स्टेपनी ५. नक्षीची खोली मोजायचं छोटं गेज घेतलं आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात वही ठेवली. नव्या टायरची खोली ८ मिमी भरली.

पहिलं रोटेशन ८,००० किमीला करायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी मी काउंटरवर स्पष्ट सांगितलं, “पाच टायर फिरवायचे आहेत, स्टेपनीसकट.” मुलगा हो म्हणाला, अर्ध्या तासात गाडी खाली आली, बिलावर “५ टायर रोटेशन” असं लिहिलेलंही होतं. मी डिकी उघडली तर आत पाच नंबरच. त्यावर माझाच क्रेयॉन, बोटही लागलेलं नाही. विचारलं तर म्हणाला, “स्टेपनी नवीनच आहे ना ताई, ती कशाला घासायची?” आणि हे त्याने मनापासून सांगितलं, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. सांगून न करणं ही एक गोष्ट, पण बिलावर केलं असं लिहिणं ही दुसरी. शिवाय एअर गनने नट इतके आवळले होते की घरी पान्याने एकही हलेना. पंक्चर झालं असतं तर रस्त्यावर मी काय केलं असतं? तिथे मी परत गेले नाही.

दुसऱ्या ठिकाणच्या मिस्त्रींनी मात्र मला जिंकलं. गाडी लिफ्टवर घेण्याआधी त्यांनी विचारलं, “मॅन्युअल आहे का गाडीचं? रोटेशनचा नकाशा बघू.” मग एकेका टायरसमोर उकिडवे बसले आणि तळहात नक्षीवरून आतून बाहेर फिरवला, मग बाहेरून आत. मला बोलावून म्हणाले, “तुम्ही फिरवून बघा.” पुढच्या डाव्या टायरवर एका दिशेने हात गुळगुळीत सरकला, उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखं टोचलं. आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त झिजलेली होती. “टो बाहेर गेलाय, म्हणजे चाकांची तोंडं पुढून थोडी बाहेर वळलीयत. आधी अलाइनमेंट करून ती सरळ करू, मग रोटेशन. नाहीतर हा रोग दुसऱ्या टायरला लावून द्याल.” अगदी बरोबर. मीही पेशंटला तेच सांगते: चाल सुधारली नाही तर नवीन चप्पलही तशीच घासणार. रोटेशनने झीज वाटली जाते, झिजेचं कारण तसंच राहतं.

पहिल्या ठिकाणी फक्त जागा बदललेल्या चार टायरांना आधी मूळ जागी आणलं आणि मग पाचांचा फेर सुरू केला. माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते, म्हणून पुढची चाकं सरळ मागे जातात आणि मागची तिरकी पुढे येतात. चार टायरांत हे सरळ आहे. पाचवा आला की फरक एवढाच: पुढचं उजवं चाक मागे जायच्या ऐवजी डिकीत जातं आणि मागची उजवी जागा डिकीतली स्टेपनी घेते. म्हणजे पुढचं डावं मागच्या डाव्या जागी, मागचं डावं पुढच्या उजव्या जागी, पुढचं उजवं डिकीत, डिकीतलं मागच्या उजव्या जागी, मागचं उजवं पुढच्या डाव्या जागी. कागदावर बाण काढून बघितलंत तर लगेच कळेल की पाच फेऱ्यांत प्रत्येक टायर प्रत्येक जागी एकदा राहून येतं आणि एकदा विश्रांती घेतं. मागच्या किंवा चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत तिरकं जाण्याची दिशा उलटी असते: मागची सरळ पुढे, पुढची तिरकी मागे. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा नकाशा असेल तर तोच पाळा.

हे सगळ्यांना करता येत नाही. टायरच्या भिंतीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर ते टायर गाडीच्या एकाच बाजूला चालतं. मग पाचवं दोन्ही बाजूंना फिरवायचं तर रिमवरून काढून उलटं बसवावं लागेल. पुढे-मागे वेगवेगळ्या मापाचे टायर असतील तर पाचांचा प्रश्नच येत नाही. चार अलॉय आणि स्टेपनी लोखंडी रिमची असेल तर दिसायला विजोड होईल, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या रिमला नट वेगळे लागतात का, ते आधी विचारा. चुकीचा नट रिमच्या भोकात नीट बसत नाही.

मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट म्हणजे मिस्त्रींनी स्टेपनी चढवायच्या आधी बॅलन्सिंग मशिनवर, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं आहे का ते बघणाऱ्या मशिनवर, घेतली. कारखान्यातून आलेली, कधीही न चाललेली, तरी ३० ग्रॅमचं वजन लागलं. ते लावलं नसतं तर ताशी ८०-९० किमीच्या वर गाडी थरथरली असती आणि मी अलाइनमेंटला दोष देत बसले असते. स्टेपनी फिरवून घेत असाल तर ती बॅलन्स केली का, हे विचाराच.

नट त्यांनी आधी हाताने फिरवले, मग ताऱ्याच्या आकारात एक सोडून एक आवळले आणि शेवटी टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराला आवाज करणाऱ्या पान्याने, ११० न्यूटन मीटरला कट्‌ आवाज येईपर्यंत. आकडा माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधला आहे, तुमचा वेगळा असू शकतो. निघताना म्हणाले, “पन्नास ते शंभर किलोमीटर चालवून परत एकदा तपासा.” मी ८० किमीनंतर तपासले. आठव्या आणि अकराव्या नटाला पाव फेऱ्याहून कमी पण जाणवेल एवढी फिरायला जागा होती. तेव्हापासून दर वेळी तपासते.

हवेचा दाब दाखवणारा दिवा असलेल्या गाड्यांसाठी एक सूचना. माझ्या गाडीत चाकांच्या वेगावरून हवेचा अंदाज घेणारी यंत्रणा आहे, त्यामुळे रोटेशन झालं, हवा बरोबर केली की बटण दाबून तिला नव्याने शिकवावं लागतं. चाकाच्या आत सेन्सर असतील तर बघा, कारण स्टेपनीत बऱ्याचदा सेन्सरच नसतो. ती रस्त्यावर आली की दिवा पेटतो आणि डिकीत गेलेल्या चाकाचा सेन्सर मात्र नीट काम करत असतो. पाचवा सेन्सर बसवून घेतला की प्रश्न मिटतो.

आता आकडे. पहिल्या ८,००० किमीत पुढची टायर ८ वरून ६.९ मिमीवर आली, मागची ७.५ वर, स्टेपनी ८ वर. म्हणजे पुढची दुपटीहून जास्त वेगाने झिजतात, कारण ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा बराचसा भार घ्यायचं काम तीच करतात. पाच फेऱ्यांत प्रत्येक टायरने दोन मुक्काम पुढे, दोन मागे आणि एक डिकीत केला. ४०,००० किमीला माझ्या वहीतले आकडे असे आहेत: १ नंबर ४.७, २ नंबर ४.८, ३ नंबर ४.९, ४ नंबर ४.८, ५ नंबर ४.८. जागा कोणती होती हे आता टायर बघून कुणाला ओळखता येणार नाही. काहीच फिरवलं नसतं तर पुढची दोन साधारण अडीच मिमीवर, मागची साडेपाचवर आणि स्टेपनी आठवर असती. अनेक देशांत १.६ मिमी ही कायद्याची किमान मर्यादा आहे, पण ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बऱ्याच आधी ढिली पडते, म्हणून मी ३ मिमीला टायर काढायची ठरवलीयत. याच वेगाने पाचही तिथे ६२,५०० किमीच्या आसपास पोचतील. चारच फिरवली असती तर ५०,००० ला पोचली असती. पाचपैकी एक टायर कायम विश्रांतीला असल्यामुळे हा पाव भाग जास्त मिळतो. पुढच्या वेळी मला चार नाही तर पाच टायर एकदम घ्यावी लागतील, हे खरं आहे. पण आतापर्यंत डिकीत म्हातारं होत पडणारं एक टायर यात कामाला आलं, आणि मला तेच हवं होतं.

माझ्या भावाच्या गाडीचा अनुभव याहून मोठा आहे. त्याची गाडी कायम चारही चाकांवर चालते. चार टायर पाच मिमीपर्यंत आलेली असताना एकाच्या भिंतीला धातूचा तुकडा लागून चीर गेली, दुरुस्त होण्यासारखी नव्हतीच. स्टेपनी अगदी नवीन, आठ मिमीची. तीन मिमी म्हणजे काय एवढं, असं वाटतं. पण त्रिज्येत तीन मिमीचा फरक म्हणजे परिघात जवळजवळ १९ मिमी. दोन मीटर परिघाचं चाक एका किलोमीटरला सुमारे पाचशे वेळा फिरतं. म्हणजे किलोमीटरमागे नऊ-साडेनऊ मीटरचा फरक, आणि तो पुढच्या-मागच्या चाकांना जोडणाऱ्या मधल्या डिफरन्शिअलला (गिअरांच्या जोडणीला) किंवा क्लचला सतत पचवावा लागतो. ते गरम होतं, झिजतं. अशा गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये टायरांच्या खोलीत किंवा परिघात किती फरक चालेल याची मर्यादा दिलेली असते आणि ती फार लहान असते. स्टेपनी पहिल्यापासून फिरवली असती तर पाचवं टायर बाकीच्यांबरोबरच झिजलं असतं आणि त्या दिवशी निमूट बसवता आलं असतं. शेवटी त्याला एकापेक्षा जास्त टायर बदलावी लागली. तुमची गाडी चारही चाकांवर चालत असेल आणि स्टेपनी पूर्ण मापाची असेल तर हे रोटेशन टाळू नका, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

तक्रारी म्हणाल तर आहेत. चार टायरांचं रोटेशन अर्ध्या तासात होतं, पाचांना सव्वा तास गेला, कारण बॅलन्सिंग आहे आणि डिकी पूर्ण रिकामी करावी लागते. माझ्या डिकीत व्यायामाचे पट्टे, घडीची काठी, वॉकर असं बरंच असतं, ते दर वेळी काढा, मांडा, परत भरा. दर वेळी काउंटरवर समजावून सांगावं लागतं, कारण माणूस बदललेला असतो. आणि डिकीत आता कायम वापरलेलं टायर असतं, कोरं नाही. या शेवटच्या गोष्टीने काही जण दचकतात. मला कोरं टायर नको आहे, मला चालणारं टायर हवंय.

तीन वर्षं झाली, पंक्चर एकदाच झालं, २७,००० किमीच्या सुमाराला. मागचं डावं, म्हणजे तेव्हा पाच नंबर. डिकीत एक नंबर होतं, ५.३ मिमीचं. हवा बरोबर होती, कारण तीन महिन्यांपूर्वीच रोटेशनला बाहेर निघालं होतं. नट माझ्या पान्याने, माझ्या वजनाने सुटले, कारण ते टॉर्क पान्याने लावलेले होते. जॅकचा दांडा कुठे अडकवलाय हे मला माहीत होतं, कारण दर आठ महिन्यांनी तो हाताळला जातो. बसवून ७० किमी चालवली. ताशी ९० ला स्टीअरिंग हललं नाही. मी वाटेवरच्या दोन्ही पेशंटकडे वेळेवर पोचले, त्यातल्या एक आजी त्या दिवशी पहिल्यांदा काठीशिवाय दारापर्यंत आल्या होत्या.

ज्यांची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली तारेच्या दोरीवर टांगलेली असते त्यांनी तर हे जरूर करावं. चिखल, पाणी, सायलेन्सरची धग सगळं तिच्यावर जातं, आणि वर्षानुवर्षं न उतरवलेली तार गंजून अडकते. मग पंक्चरच्या वेळी स्टेपनी असूनही नसल्यासारखी. वर्षातून एकदा जरी रोटेशनसाठी खाली आली तरी तार सुरळीत राहते आणि टायरही नजरेखालून जातं.

स्टेपनी हा शब्द कुठून आला ते शोधलं तर वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटपर्यंत पोचले. १९०४ साली तिथे सुटी चाकं बनवायला सुरुवात झाली. आरे नसलेली रिम, वर हवा भरलेलं टायर, आणि ती सरळ पंक्चर चाकाच्या बाजूला क्लॅम्पने पकडायची. तेव्हा स्टेपनी खरोखरच घरी पोचण्यापुरती होती. आपली पूर्ण मापाची स्टेपनी तशी नाही, ते पूर्ण चाक आहे.

जिथे जाल तिथे बोलणी आधीच करून घ्या. पाच फिरवणार का, स्टेपनी बॅलन्स करणार का, नट टॉर्क पान्याने लावणार का, आणि काम झाल्यावर डिकीत कोणतं टायर आलंय ते मला दाखवणार का. माझे मिस्त्री चारही प्रश्नांना हो म्हणतात आणि शेवटी स्वतःहून डिकी उघडून क्रेयॉनचा आकडा दाखवतात. डिकीतल्या टायरात हवाही ते पुढच्या आणि मागच्या दाबांपैकी जो जास्त असेल तेवढी भरून ठेवतात, कारण ते कोणत्या जागी लागेल ते आधी माहीत नसतं. मागच्या आठवड्यात पाच नंबर परत डिकीत ठेवताना त्यांनी त्याच्या जुन्या पंक्चरच्या जागेवरून अंगठा फिरवला, पॅच धरून आहे ना ते बघितलं आणि वहीत माझ्याआधी त्यांनीच लिहिलं: ४.८, पुढचं ४८,००० ला.